गंगा ओढ्यात आली

तिचा अंबाडा माझ्या डाव्या मुठीत होता आणि उजव्या हाताने मी बाभळीला विळखा घातला होता. पाणी मला छातीला आणि तिला हनुवटीला लागलं होतं. पायाखालची काळी माती लोण्यासारखी सुटत होती. मी ओढत होते, पण ती वर यायच्या ऐवजी जडच होत चालली होती. भिजलेलं नऊवारी लुगडं म्हणजे ओलं पोतं. काटे दंडात घुसले होते, पण ते काढायला तिसरा हात नव्हता.

"वढतीस का बुडवतीस गं?" ती म्हणाली.

"तोंड मिटा. पानी जाईल."

"तुज्या मनात काय हाय ते मला समदं ठाव हाय."

ती माझी थोरली जाऊ. बुडता बुडता तिला माझा संशय आला, याचं मला नवल वाटलं नाही. तिच्या जागी मी असते तर मलाही तिचा आला असता. एका उंबऱ्यात जन्म काढलेल्या जावा एकमेकींना याहून जास्त काय देणार.

हे पाणी कुठलं आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या त्यात कशाला उतरलो, ते आधी सांगते.

माझं माहेर आष्टीकडचं. तिकडे नदी म्हणजे वाळूचा रस्ता. पावसाळ्यात चार दिवस ओला, मग गाड्या जायला मोकळा. मी चौथीपर्यंत शिकले. शाळेच्या भिंतीवर देशाचा नकाशा होता, खालची दोरी तुटलेली, त्यामुळे वाऱ्याने तो हलायचा आणि नद्याही हलायच्या. गुरुजी काठीने दाखवायचे. गंगा ही वर, हिमालयाच्या पायाशी. गोदावरी ही खाली, आपल्या अंगाला. नाशिककडच्या डोंगरात निघते आणि सगळा देश आडवा कापून पूर्वेच्या समुद्राला मिळते. आपल्या जिल्ह्याची वरची कड म्हणजे तीच नदी, पण आपल्या गावचा पाऊस तिला मिळत नाही. तो सीनेत जातो, सीना भीमेत. एकाच जिल्ह्याचं पाणी दोन दिशांना तोंड करून जातं, असं गुरुजी म्हणाले. मला ते पटलं नाही. गुरुजी आष्टीच्या पुढे कधी गेले नव्हते. त्यांना कोणी सांगितलं आणि सांगणाऱ्याला कोणी, हे मी विचारलं आणि छडी खाल्ली.

लग्न होऊन गंगाथडीला आले. माजलगाव तालुक्यातलं, नदीच्या अगदी काठावरचं गाव. तिथली रीत अशी की नव्या नवरीला आधी घरात नेत नाहीत, आधी नदीवर नेतात. मी घाटावर उभी राहिले. इतकं पाणी एका जागी मी पहिल्यांदा बघत होते. पलीकडच्या थडीवरची गुरं मुंगळ्यांएवढी दिसत होती.

सासू म्हणाली, "गंगेच्या पाया पड."

मी म्हणाले, "ही गंगा न्हाई. गंगा वर हाय, लई लांब. ही गोदावरी."

थोरली जाऊ तोंडाला पदर लावून हसली. ती याच थडीची, वरच्या अंगाला गेवराईकडची.

"कोन म्हनलं?" सासूने विचारलं.

"पुस्तकात हाय."

"पुस्तक आष्टीला ठिवून ये. हितलं पानी पेयाचं आसंल तर गंगाच म्हनायचं."

मी पाया पडले. तहान लागली होती.

पण संशय गेला नाही. इथे नदीला नुसतं गंगा म्हणतात. आंघोळीला जाताना गंगा, शपथ घेताना गंगा. दुःखवट्याच्या पत्रिकेवर गोदावरी, ओवीत गोदामाय, कीर्तनात दक्षिणगंगा. एकदा कीर्तनकाराने गौतमीही सांगितली. एका ऋषीने गाईवर गवताची काडी मारली, गाय मेली, ते पाप धुवायला त्याने वरची गंगा खाली आणली, म्हणून तिला त्याचं नाव. मी उभ्या जन्मात गाईंना लाकडाने हाणलंय, एकही मेली नाही. काडीने मरणारी गाय आधीच मरायला टेकलेली असणार, आणि ऋषीच्या गळ्यात कोणीतरी मुद्दाम घातली असणार. हे मी जावेला म्हणाले तर ती म्हणाली, "तुला देवाचा बी शक येतो." येतो. आपण बाजारात बैल घ्यायला गेलो आणि विकणारा दर भेटीला वेगळं नाव सांगू लागला, तर आपण दाव्याला हात लावत नाही. मग नदीला का सूट द्यायची?

या नदीला पाच नावं आणि आमच्या शेताच्या कडेने जाणाऱ्या ओढ्याला एकही नाही. तो नुसता ओढा. दक्षिणेच्या माळावरून येतो, शिवार ओलांडतो आणि गावाच्या खालच्या अंगाला नदीत पडतो. वर्षातून आठ महिने कोरडा. वाटणी झाली तेव्हा ओढ्याच्या काठचं सखल रान आम्हाला आलं आणि वरचं, चढाचं रान थोरल्या दिराला. मी नवऱ्याला म्हणाले होते, यात काहीतरी पाणी मुरतंय. तर जाऊ बोलली, "ओढ्याला कवा पानी आसतंय का? आन् गंगा काय शेतात येती? गंगा आली तर घाटावर येती." ती नदीकाठची, तिला माहीत असणार, असं सगळे म्हणाले. तिला माहीत असणार, असंच मीही म्हणत होते, फक्त वेगळ्या अर्थाने.

पुढे दोन्ही भाऊ गेले. मुलं पुण्याच्या अंगाला पोटामागे गेली. दोन म्हाताऱ्या राहिलो, भिंतीला भिंत लावून. ती माझ्या चुलीचा धूर मोजायची, मी तिच्या दारातल्या चपला.

तर ती सकाळ. घट बसायच्या आधीचे दिवस. आमच्याकडे दोन दिवस पावसाचा थेंब नव्हता, कडक ऊन पडलेलं, आणि नदी मात्र चढत होती. वरच्या अंगाला पाऊस झालाय, धरणातून पाणी सोडलंय, असं मोबाइलवर आलं होतं. देवळाच्या भोंग्यावर कोतवाल सारखं सांगत होता, सखल रानातली जनावरं वर आणा. मला उन्हात आलेल्या पुराची जास्त भीती वाटते. पाऊस पडताना पाणी वाढलं तर ते आपल्या डोळ्यांदेखत येतं. हे दुसऱ्याच्या आभाळातून आलेलं.

सगळं गाव घाटावर. नदीला असं पाणी आलं की सवाष्णी तिची ओटी भरतात. खण, नारळ, गहू, बांगड्या. ओटी घेतली की गंगा पायऱ्या उतरते, असं इथे मानतात. थोरली जाऊ नवरा असताना ओटीला सगळ्यांत पुढे असायची. हळद-कुंकू तिच्या ताटातलं, नारळ पहिला तिचा. आता पांढऱ्या कपाळाच्या बायकांत मागे उभी राहायची. त्या सकाळीही राहिली. तिच्या सुनेहूनही लहान वयाची एक पोर ताट घेऊन पुढे जाताना तिला म्हणाली, "आजी, जरा सरका की."

ती सरकली. काही बोलली नाही. मी तेव्हाच ओळखलं की ही काहीतरी करणार. ही बाई बोलत नाही तेव्हा तिच्यापासून जपावं.

मी आखाड्यावर निघाले. आखाडा म्हणजे शेतातली आमची एक खोली आणि गोठा, ओढ्याच्या काठीच. माझी म्हैस तिथे बांधलेली होती. थोड्या वेळाने मागे बघितलं तर जाऊ येतेय, हातात पिशवी.

"तुमी कावून आल्या?" मी विचारलं. ती मोठी, म्हणून मी तिला तुम्हीच म्हणते.

"तुज्या एकटीनं म्हैस सुटंल का?"

"रोज कोन सोडतंय?"

"आज पूर हाय."

"पूर हाय तर पिशवी कशाला?"

"काय न्हाई पिशवीत."

काही नसलेली पिशवी कोणी छातीशी धरून चालत नाही. मला वाटलं, आखाड्यात माझी लोखंडी कढई आहे, तिच्यावर हिचा डोळा आहे. कढईवर तिचं म्हणणं असं की ती सासूने तिला दिलेली. म्हणून मी गोठ्यात जाताना सारखी मागे बघत होते. म्हैस सोडली. तिने नाक वर करून वास घेतला आणि माझी वाट न बघता गावाकडे सुटली. मी तिला दोन शिव्या दिल्या. बाहेर येऊन बघते तर कढई जागेवर आणि जाऊ गायब.

ती ओढ्याच्या काठाला होती.

ओढा मी ओळखलाच नाही. काल तळाला चिखल होता, आज काठोकाठ पाणी. तांबूस, जाड, आवाज न करणारं. वाहणारा ओढा बडबड करतो. हे पाणी गप्प होतं. मला ते अजिबात आवडलं नाही.

जावेने पिशवीतून खण काढला, हिरवा. नारळ काढला. गहू, हळद, कुंकू.

"हे काय चाललंय?" मी म्हणाले.

"दिसत न्हाई का? गंगेची ओटी."

"हा ओढा हाय."

"ओढा काल व्हता. पानी बघ की, रंग बघ. ही गंगाच हाय. मला घाटावर जाऊ देत न्हाईत, तर ती आली माज्याकडं."

मला हसू आलं, पण तिचा चेहरा बघून मी हसले नाही. म्हणाले, "नदीला काय ठाव, कुनाचा नवरा हाय आन् कुनाचा गेला."

"तिला समदं ठाव आसतं."

तिने नारळाला हळद-कुंकू लावलं, खणात गहू बांधून पाण्यावर ठेवला, त्याच्या मागे नारळ सोडला आणि हात जोडले. नारळ थोडा डुलला. मग नदीच्या दिशेने जायच्या ऐवजी उलटा निघाला. माळाकडे, आमच्या रानाकडे. आमचा ओढा जन्मापासून उत्तरेला जातो. नारळ दक्षिणेला चालला होता, सावकाश, कोणी बोलावल्यासारखा.

तिचं तोंड पांढरं पडलं.

"माघारी आला," ती म्हणाली. "घेतला न्हाई."

इथे असंच मानतात. नारळ माघारी आला तर ओटी नाकारली. कोणत्या घरावर आफत येणार ते नारळ कोणी सोडला त्यावरून ठरतं. तिचा एकुलता एक मुलगा पुण्यात ट्रक चालवतो. तिच्या डोक्यात काय आलं असेल ते मला कळलं. मी म्हणाले, "बाई, पानीच उलटं चाललंय, नारळ काय करंल?" पण ती ऐकायच्या पलीकडे गेली होती. नारळ हाताने आत ढकलायचा म्हणून तिने काठावरून पाय खाली टाकला. काळ्या मातीचा काठ, आतून पाणी प्यालेला. तो तिच्यासकट खाली बसला.

मी धावले, बाभळीला धरून आत उतरले आणि तिचे केस हाताला लागले. गोष्ट सुरू केली होती ती इथून.

मी तिला नदीच्या बाजूला ओढत होते. तिकडेच बाभूळ होती, तिकडेच आमच्या येण्याजाण्याची वाट होती. आणि नारळ उलटा जाताना बघूनही मनात हेच की पाणी नदीकडे ओढतं, आपण घट्ट धरलं पाहिजे, सुटलो तर थेट नांदेड, तिथून तेलंगण, तिथून समुद्र. गुरुजींच्या काठीने दाखवलेला सगळा रस्ता माझ्या डोळ्यांसमोर होता. पण तिचं अंग नदीकडे जातच नव्हतं. ते दुसऱ्या बाजूला ताणत होतं, माळाकडे. शेजारून कडब्याची पेंढी गेली, तीही माळाकडे. एक प्लास्टिकची चप्पल गेली, तीही. नदी पुढे जायला वाव नाही म्हणून ओढ्यात मागे चढत होती.

तेवढ्यात बाभूळ हलली. मुळाशी चर्रकन आवाज झाला.

मला बाभळीचा संशय आला. पाण्याचा होताच, पण आता बाभळीचा जास्त आला. ती उपटून पडली असती तर आमच्या दोघींच्या डोक्यावर. मी विचार केला, हे पाणी समुद्राला चाललेलं नाही. हे आमच्या शेतात चाललंय. पुढे ओढा रुंद होतो, गाड्या उतरतात तिथे तो परातीसारखा उथळ आहे, आणि त्याच्या वर हिच्या चढाच्या रानाची खालची कड, कापसाची. याच्याबरोबर जो जाईल तो तिथे जाईल.

विचार बरोबर आहे याची खात्री नव्हती. कोणाला असते?

"मी झाड सोडतीय," मी म्हणाले.

"आग नको, मेले मी, सोडू नको."

"गप बैस. हात दे तुजा."

झाड सोडलं. एकदम डोक्यावरून पाणी गेलं. तोंडात चिखल गेला, नाकात गेला. तिने माझ्या मानेला अशी मिठी मारली की पाण्याऐवजी तिनेच मला मारलं असतं. मी तिच्या दंडाला चावले तेव्हा मिठी सैल झाली. पाणी आम्हाला घेऊन चाललं होतं, घाई नाही, पण थांबणंही नाही. मग माझ्या गुडघ्याला काहीतरी खरबरीत लागलं. कापसाचं झाड. मग दुसरं. मी एका हाताने ओळ धरली आणि आम्ही तिच्या कापसात बसलो. पाणी कमरेला, वर बोंडं, वर ऊन.

किती वेळ दोघी नुसत्या खोकत होतो.

मग ती म्हणाली, "तू झाड सोडलं."

"झाड सोडलं. तुमाला न्हाई."

"आन् मला तू म्हनलीस. हात दे तुजा, म्हनलीस."

"बुडताना 'द्या' म्हनायचं ध्यानात न्हाई राहिलं."

"चावलीस बी."

बांधाच्या कडेला नारळ अडकला होता. कुंकू धुऊन गेलेलं, बाकी जसाच्या तसा. खण कुठे गेला ते दिसलं नाही. तिने नारळाकडे बघितलं आणि रडायला लागली. सासू मेली तेव्हाही ती रडली नव्हती.

"बघ, घेतला न्हाई," ती म्हणाली.

"त्याच पान्यात आपन बी आलो," मी म्हणाले. "त्याला घेतलं आसतं तर आपल्याला बी घेतलं आसतं. बरं झालं न्हाई घेतला ते."

तिने रडणं थांबवलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी तिला फसवून काहीतरी विकतेय.

मला वाटलं, हीच वेळ आहे. आता ती दमलीय, खोटं रचायला बळ नाही. मी विचारलं, "वाटनीच्या वक्ताला तुमाला ठाव व्हतं का, पानी हिकडून चढतंय म्हनून?"

ती आपल्या कापसाकडे बघत राहिली. ओळीच्या ओळी पाण्यात उभ्या होत्या.

"ठाव आसतं तर मी हितं कापूस लावला आसता का?"

उत्तर चांगलं होतं. जरा जास्तच चांगलं होतं. मी अजून काही ठरवलेलं नाही.

बांध धरून आम्ही रस्त्याला लागलो. तिथे दिंद्रुडच्या बाजाराला निघालेला केळीवाला म्हातारा पूल बंद म्हणून गाडा घेऊन थांबला होता. आमच्याकडे बघून त्याने नदीकडे मान वळवली, पुन्हा आमच्याकडे बघितलं.

"अम्मा, नदी तो उधर है. तुमी इधर से कैसे भिगे?"

"नदीला विचार," मी म्हणाले. त्याने दोन केळी दिली. जावेने मोठं घेतलं.

गावात सगळे अजून घाटावरच उभे होते, पाठ आमच्याकडे करून, पायऱ्यांवर पाणी कुठवर आलंय ते बघत. नदी त्यांच्यामागून येऊन गेली होती. कोणी वळून बघितलं नव्हतं. संध्याकाळी पाणी उतरू लागलं तेव्हा बायका म्हणाल्या, ओटी पोचली. मी त्यांना माझा दंड दाखवला, त्यात अजून बाभळीचे काटे होते.

आता जाऊ दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, हिनं मला पुरात सोडलं. मी भिंतीच्या अलीकडून सांगते, झाड सोडलं. लोक दोघींकडे बघतात आणि कोणावर विश्वास ठेवावा ते त्यांना कळत नाही. बरंच आहे. तो नारळ तिने फोडला नाही, टाकलाही नाही. तिच्या भिंतीतल्या देवळीत आहे. कढई मी आखाड्यावरून घरी आणली.

ओढ्याला आता गावातले काही लोक गंगेचा ओढा म्हणायला लागलेत. म्हणजे ओढ्याला पहिलं आणि नदीच्या पाचांत सहावं नाव. मी अजून ओढाच म्हणते आणि तिकडे जाताना पाणी कोणत्या बाजूला चाललंय ते आधी बघते.

त्या दिवशी ओढ्यावर आम्ही तिघी होतो. जाऊ वाचली, मी वाचले, आणि म्हैस तर आमच्या आधीच घरी पोचली होती.